रिकामा पट्टा

अंबाजीकाकांना नमस्कार करणं ही आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीत एक झटापट असायची. तुम्ही वाकलात की त्यांचा पंजा तुमच्या मनगटांवर पडलाच. दोन्ही मनगटं एका पंजात, तीही अशी आवळलेली की बांगडी रुतावी. दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन पोरंसोरं घरोघर हिंडायची. काकांच्या दाराशी आली की आधी एकमेकांना ढकलायची, "तू जा पहिले, तू जा."

"काका, आशीर्वाद महाग झाला का?" कुणीतरी विचारायचंच.

"आशीर्वाद घे की लेकरा. हात कशाला जोडायलास?"

आतून भामाकाकूंचा आवाज यायचा, "राहू द्या रे. ह्यांचे पाय सरकारी आहेत. हात लावायला वरून परवानगी लागते!"

सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. मनगटं सोडायचे, पान घ्यायचे आणि आत निघून जायचे. नव्या सुनांना वाटे, म्हातारा तुसडा आहे. जुन्या लोकांना वाटे, साधा माणूस, संकोचतो. दोन्ही खरं नव्हतं. खरं काय ते लग्नानंतर कितीतरी वर्षं भामाकाकूंनाही माहीत नव्हतं.

अंबाजीकाका भालकीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले आणि हेलिकॉप्टरवर लागले. पूर आला, वादळ आलं, कुणी दरीत अडकलं की फौजेचं हेलिकॉप्टर जायचं. त्यात काकांचं काम दोरावर. दोर म्हणायचा, पण असायची ती बोटाएवढीही जाड नसलेली पोलादी तार. तारेच्या टोकाला एक रुंद पट्टा, काखेखालून घ्यायचा. पट्ट्याची एक खोड आहे. हात खाली असले की माणूस त्यात घट्ट बसतो. हात डोक्यावर गेले की खांदे आक्रसतात आणि माणूस पट्ट्यातून खाली सरकतो.

म्हणून फौजेत हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला दोघं असत. एक दारात पालथा पडून विंच, म्हणजे तार सोडायचं-गुंडाळायचं यंत्र, चालवणारा, तो अप्पाराव. दुसरा तारेवरून खाली उतरणारा, ते काका. वैमानिकाला पोटाखालचं काही दिसत नाही. अप्पाराव त्याच्या कानात अखंड बोलत राहायचा, "पुढे, पुढे, थोडं डावीकडे, बस, असंच राहा." वैमानिक होते पुण्याचे विजयसाहेब. ते म्हणायचे, "हात माझे, डोळे अप्पारावचे आणि जीव अंबाजीचा." काका खाली उतरायचे, अडकलेल्याला पट्टा घालायचे, त्याला छातीशी धरून स्वतःच्या कोपरांखाली त्याचे हात दाबायचे आणि दोघं एकत्र वर. ना पट्ट्याची भीती, ना हातांची. सगळ्यात शेवटी काका एकटे वर यायचे.

हे सगळं फौजेबरोबर संपलं. पेन्शन घेऊन काका अंबरपेठेत आले. सकाळी भाजी, दुपारी पेपर, संध्याकाळी नारायणगुड्यात अप्पारावच्या भावाच्या दुकानासमोर गप्पा. अप्पाराव स्वतः तोवर गेलेला होता.

शहरात तेव्हा रोज काहीतरी खाजगी होत होतं. टेलिफोन, बस, दवाखाने. गच्च्यांवर डिशची ताटं उगवली होती. अशात एक दिवस विद्यानगरहून विजयसाहेब स्कूटरवर आले. केस पांढरे, अंगात कंपनीचा निळा शर्ट, खिशावर पंखांचं चित्र.

काका ताडकन उठून उभे राहिले.

"बस रे, बस. आता मी तुझा साहेब नाही. वहिनी, चहा मिळेल का?"

"मिळेल की. साखर सरकारी घालू का खाजगी?" काकूंनी आतूनच विचारलं.

साहेब मोकळेपणी हसले आणि मग मुद्द्यावर आले. पूर, वादळ, अपघात, यांत माणसं सोडवून आणायचं काम सरकार आता एका कंपनीला देणार होतं. हेलिकॉप्टर कंपनीचं, माणसं कंपनीची. साहेब तिथले मुख्य वैमानिक झाले होते.

"म्हणजे फौज विकली म्हणा," काकू कप ठेवत म्हणाल्या.

"फौज नाही वहिनी. फक्त दोर."

"अन् दोर कुणाच्या भरवशावर विकला?"

साहेबांनी काकांकडे बोट केलं.

काका म्हणाले, "साहेब, फौज हे काम बरं करत होती की."

"बरं करत होती, उशिरा करत होती. आठवतंय ना? गावाने तहसीलला सांगायचं, तहसीलने कलेक्टरला, तिथून दिल्लीला. आपण मशीन तयार ठेवून बसायचो आणि खाली माणसं झाडावर. आता एक फोन आला की निघालो. अंबाजी, मला हे पटलंय म्हणून आलोय. विंचवर माझ्या कानात बोलणारा माणूस मला अनोळखी नको."

काकांनी बशीत चहा ओतला. प्यायले नाहीत. "येतो," म्हणाले.

आठवड्याभरात काका बेगमपेठेला विमानतळावर गेले. लाल-पांढरं कोरं मशीन, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. काकांनी हाताने तार चाचपली, विंच फिरवून पाहिली. मग मागची खुर्ची पाहिली आणि तिथेच थांबले.

"दुसऱ्या माणसाची जागा कुठं आहे?"

कंपनीचा व्यवस्थापक पुष्कर, मुंबईचा, उत्साही पोरगा. "काका, ऑपरेटर एकच. तुम्हीच विंच चालवायची, तुम्हीच सरांशी बोलायचं."

"अन् खाली कोण जाणार?"

"पट्टा जाईल ना. लोक स्वतःच घालतील. आपण कार्ड केलंय, बघा." त्याने खिशातून प्लास्टिकचा तुकडा काढला. एका चित्रात हात खाली असलेला माणूस, दुसऱ्यात हात वर केलेला, त्याच्यावर लाल फुली.

काकांनी कार्ड उलटसुलट केलं. "नमस्कार करणाऱ्या माणसावर फुली मारली तुम्ही. लोकांना वाटेल, हे देव न मानणाऱ्यांचं विमान आहे."

पुष्कर हसला. काकांचा चेहरा पाहून थांबला. "काका, खरं सांगतो. दाराच्या आत तुमचा विमा आहे. दाराबाहेर लोंबणाऱ्या माणसाचा विमा उतरवायला कुणीच तयार नाही. मी फार ठिकाणी विचारलं."

"मग मला सोडा. साहेब, मी रिकामा पट्टा सोडत नसतो. तुम्हाला ठाऊक आहे."

विजयसाहेबांना ठाऊक होतं. त्या दिवशी मशीन तेच चालवत होते.

समुद्रकाठचं वादळ होतं ते, फौजेतल्या दिवसांतलं. दिवसभर माणसं उचलून झाली होती. परतताना एका झाडावर अजून एक बाई दिसली. उजेड सरत होता, इंधन कमी होतं. एकदा उतरून तिला घेऊन यायचं म्हटलं तर वेळ लागणार होता. काका स्वतःच म्हणाले, रिकामा पट्टा सोडू, एकच तर आहे. अप्पारावने सोडला. बाईने तो नीट घातला, वर आली, अगदी दारापर्यंत आली. काकांनी तिला आत ओढायला हात पुढे केला. हेल्मेट घातलेला, आभाळातून आलेला तो माणूस तिने पाहिला आणि त्या बाईने दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्याला नमस्कार केला.

काकांच्या हाताला तिच्या बांगड्या लागल्या होत्या.

विमानतळाच्या शेडमध्ये साहेबांनी पुष्करला बाहेर पाठवलं. मग म्हणाले, "हे मशीन लहान आहे. मागे दोन माणसं बसवली की छपरावरचा एक मागे राहतो. मी हिशेब करून पाहिलाय, मला काही वेगळं करता येत नाही. आणि तू नाही म्हणालास तरी पट्टा खाली जाणारच आहे. दुसरा कुणीतरी सोडेल. फरक इतकाच, त्याला रात्री झोप लागेल."

"म्हणून मला झोप नको?"

"म्हणून तू हवास."

काका घरी आले. ताट समोर आलं, भाकरी तशीच राहिली.

"काय झालंय? साहेबानं घेतलं नाही होय?"

"घेतलंय."

"मग सुतक आल्यावाणी काय बसलाव?"

काकांनी मग सांगितलं. झाड, पट्टा, बांगड्या, सगळं. भामाकाकूंनी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "माझ्या आईला यांनी नमस्कार करू दिला नव्हता, सत्यनारायणाला. तिचे हात धरले होते. ती मरेपर्यंत म्हणायची, जावई फार मानी गं तुझा. मी पण तसंच समजत होते. इतकी वर्षं ह्या माणसाची थट्टा केली मी."

त्या वेळी मात्र काकूंनी डोळे पुसले नाहीत. ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "तिच्या हातात काही होतं का?"

"कुणाच्या?"

"त्या बाईच्या. काही धरलं होतं का तिनं?"

"काही नव्हतं. आम्ही गाठोडी आणू देत नाही. वजन होतं. नियमच आहे."

"तिथंच चुकलं." काकू उठल्या. "रिकामे हातच जोडले जातात. कडेवर लेकरू असलेली बाई देवळात हात जोडते का? मान झुकवते. डोक्यावर घागर असली तर तेवढंही नाही."



दोन जुनी लुगडी फाडून काकूंनी गाठोडं शिवलं. पहिलं काकांनी नापास केलं. हलकं होतं, हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या वाऱ्यात उडून वर पात्यांत अडकलं असतं तर सगळेच खाली आले असते. दुसऱ्यात काकूंनी ज्वारीची पिशवी घातली आणि भोवती गच्च टाके मारले. काकांनी त्याला जाड नाडी लावली, तिचं टोक पट्ट्याच्या कडीला बांधायचं. काकूंनी गाठोडं छातीशी धरून पाहिलं, दाबलं, आत दाणे सरसरले.

"ज्वारीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पुरात सगळं गेलेल्या माणसाच्या हाताला धान्य लागलं की तो ते टाकत नसतो."

"देव समोर आला तरी?"

"देवाला म्हणेल, थांब बाबा, आधी हे ठेवायला कोरडी जागा दाव."

विजयसाहेबांनी गाठोडं पाहिलं तेव्हा कपाळाला आठी पडली. "अंबाजी, सामान नाही न्यायचं. हा नियम तर आपलाच होता."

"हे सामान नाही साहेब. हा मी आहे."

साहेबांनी ते पट्ट्याला बांधू दिलं.

पावसाळा सरत आला तेव्हा गोदावरीला पूर आला. फोन आला आणि खरंच, भाताचा कुकर उतरायच्या आत निघाले. साहेबांचं तेवढं म्हणणं खरं ठरलं. फौजेच्या काळात इतक्या लवकर कधी कुणी निघालं नव्हतं, हे काकाही मान्य करत.

काठच्या एका गावात शाळेचं छप्पर तेवढं पाण्यावर उरलं होतं. त्यावर माणसं. काका दारात पालथे पडले. अप्पाराव पडायचा तसे. तार खाली सोडताना त्यांना पट्टा दिसत होता, गोल, रिकामा, आणि त्याला लोंबकळणारं काकूंच्या हिरव्या लुगड्याचं गाठोडं.

"पुढे या साहेब. पुढे, अजून. डावीकडे थोडं. बस, असंच राहा."

आधी एक तरणा गडी आला. पट्टा घातला, पण गाठोडं त्याने ढकलून दिलं आणि डोक्यावरची तार दोन्ही हातांनी धरली. शूर माणूस. पाय छपरापासून सुटतात न सुटतात तोच काकांनी विंच थांबवली.

"काय झालं?" कानात साहेबांचा आवाज.

"हात वर आहेत. थांबा. हलू नका."

काका दारातून ओरडले, "मूट पट्टुको! अरे, मूट पट्टुको!" गाठोडं धर म्हणून तेलुगूत सांगत होते, पण पंख्याच्या आवाजात स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. मग स्वतःच्या छातीशी दोन्ही हातांनी काहीतरी कवटाळल्यासारखं करून दाखवलं. पुन्हा दाखवलं. गडी वैतागला, पण पाय हवेत लोंबत होते, करतो काय. त्याने गाठोडं ओढून पोटाशी धरलं. काकांनी विंच सुरू केली.

तो वर आला तसा मागच्यांनी पाहिलं. छपरावरून पाहणाऱ्याला दिसतं ते हेच, की या विमानात जायचं तर हे हिरवं गाठोडं धरायचं असतं. दुसरी आली ती न सांगताच धरून. तिसराही तसाच. कुणाला वाटलं असेल आत औषध आहे, कुणाला वाटलं असेल वजन आहे. एक बाई वर आल्यावर ते सोडायला तयारच होईना, "ना जोन्नलु," म्हणत बसली, माझी ज्वारी. काकांना ते तिच्या हातातून सोडवून परत पट्ट्याला लावावं लागलं.

शेवटी एक म्हातारी उरली.

इतरांचं पाहून तिने स्वतःच पट्टा घातला; बाकीचे आता वर होते आणि ती एकटी. गाठोडं तिने धरलं. तार वर येऊ लागली. अर्ध्या वाटेवर तिने मान वर केली. काकांना तिचा चेहरा दिसला आणि त्यांच्या तोंडातलं बोलणं तुटलं.

विजयसाहेब सांगतात, "पुढे-मागे सांगणारा आवाज बंद झाला. मला खालचं काही दिसत नव्हतं. मी विचारलं, अंबाजी? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, अंबाजी, हात कुठे आहेत तिचे? मी माझा हात तसूभर हलवला नाही. आयुष्यात इतका स्थिर मी कधी राहिलो नसेन."

म्हातारी दाराजवळ आली. तिच्या ओठांची हालचाल होत होती. एक हात गाठोड्यावरून निसटला, वर येऊ लागला. गाठोडं घसरलं. आत दाणे सरसरले असणार, कारण तो हात वाटेतच थांबला आणि झटकन खाली येऊन त्याने गाठोडं सावरलं. मग तिने मान झुकवली. कपाळ त्या हिरव्या लुगड्यावर टेकवलं आणि तशीच राहिली, दोन्ही हातांनी ज्वारी कवटाळून, आपल्याच मिठीवर डोकं ठेवून. तसाच तिचा नमस्कार झाला.

काकांनी तिला पाठीमागून धरून आत ओढलं. दार लावलं.

"हात खाली होते साहेब," ते म्हणाले. "आत आली."

आत खुर्चीवर बसल्यावर म्हातारीने गाठोडं मांडीवर ठेवलं. नीट ठेवलं, घसरणार नाही असं. मग हात मोकळे झाले तसे तिने ते जोडले आणि काकांसमोर डोक्यापर्यंत नेले. काकांचा पंजा सवयीने पुढे गेला होता. मनगटांपर्यंत पोचलाही होता. पण दार बंद होतं आणि तिच्या कमरेला खुर्चीचा पट्टा होता. काकांनी हात मागे घेतला. तिला जितका वेळ हात जोडून ठेवायचे होते तितका वेळ ठेवू दिले.

पुढे कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मशीन आणखी नवं, वैमानिक तरुण, मागे माणूस एकच. काकूंनी चार गाठोडी शिवून पाठवली. पुष्करने ती त्या लोकांपर्यंत पोचवली, असं तो म्हणतो. त्यांनी वापरली की कोपऱ्यात टाकली, कळायला मार्ग नाही. काका विचारायला गेले नाहीत. म्हणाले, "गेलो अन् कोपऱ्यात दिसली तर?"

मनगटं धरायची सवय काही गेली नाही. फक्त आता धरून क्षणभर तुमच्याकडे बघतात, तुम्ही जमिनीवर उभे आहात याची खात्री करतात आणि सोडतात.

परवा पुराच्या बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा जिल्ह्यातला पूर, टीव्हीवर हेलिकॉप्टर. तार खाली सुटली, टोकाला पट्टा. चित्र हलत होतं, गाठोडं आहे की नाही दिसत नव्हतं. कुणीतरी पट्टा घातला आणि वर यायला लागलं. काकांच्या मांडीवर ताट होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात स्वतःच्या छातीशी आवळून घेतले.

"हात खाली," ते पुटपुटत होते. "हात खाली, हात खाली."

भामाकाकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. पडद्यावरचं माणूस दारापर्यंत गेलं, कुणीतरी त्याला आत ओढलं.

"घेतलं आत," काकू म्हणाल्या. "जेवा आता."

काकांनी हात सोडले. ताट उचललं.